कोऱ्या चौकटी

"मावशी, यात हेरगिरी करणारा प्रोग्राम होता, पण गेला," कंप्यूटरवरची नजर न काढता झाकीर म्हणाला. "आपला आपणच."

मागच्या महिन्यात कॅमेऱ्याचा दिवा आपोआप पेटलेला दिसला, तेव्हापासून कुमुदताईंनी त्यावर रुमाल टाकला होता. शेवटी काल मेसेज करून त्यांनी कंप्यूटर दुरुस्त करणाऱ्या झाकीरला बोलावलं.

"गेला म्हणजे?"

"आताचे हेर शहाणे झालेत. घरात ऐकण्यासारखं काही नसलं की दुसरं घर बघतात. रोज आपल्या मालकाला पाठवायचा, तो हा तक्ता राहिलाय बघा."

तक्त्यात प्रत्येक दिवसाला एक चौकट होती. घरात बोललेली वाक्यं: जूनपासून दोन जुलैपर्यंत रोज शून्य. तीन जुलैपासून मात्र चौकटी कोऱ्या.

कुमुदताईंनी वेधशाळेत तीस वर्षं पर्जन्यमापक वाचला होता. पाऊस पडला नाही तरी तिथे शून्य लिहावंच लागे. कोरी चौकट म्हणजे त्या दिवशी मोजायला कुणी नव्हतं.

"पुसून टाकू?" झाकीरने विचारलं.

"राहू दे. या चौकटींत मला लिहिता येईल?"

"येईल की. पण पाठवणार कुणाला?"

"पाठवायचं नाहीये. मी होते ना इथे."

तो गेल्यावर कुमुदताई त्या कोऱ्या चौकटींत एकेक शून्य भरत गेल्या. आजच्या चौकटीपाशी थांबून त्यांनी आपली वाक्यं बोटांवर मोजली. दार उघडताना म्हटलेलं "ये" धरून सहा होत होती. त्यांनी सहा लिहिले.