मेलेल्या अळीचं औषध

आठ दिवसांनी दिल्लीहून परतलेल्या नीलांबरीनं जाळीघराचं दार उघडलं. जाताना हरभऱ्याखाली अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर मेलेल्या घाटेअळ्यांचा खच होता. आता ते कापड धुऊन, घडी घालून ठेवलेलं होतं.

"कौसाबाई, अळ्या कुठं गेल्या?"

जाळीघराची राखण कौसाबाईंकडे होती आणि त्यांचं शेतही लागूनच होतं. "ठेचल्या, पाण्यात कालवल्या आन् फडक्यानं गाळून आमच्या हरभऱ्यावर फवारल्या," शाबासकी ठरलेलीच अशा तोऱ्यात त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलं की मॅडम, रोगानं मेलेली अळी म्हंजे फुकटचं औषध."

शिकवलं होतं खरं. हातात खलबत्ता घेऊन ती पाच वर्षं गावोगाव हिंडली होती. पण त्या अळ्यांना मारणारा विषाणू शेतातलाच होता. जाळीघरातला हा तिनं प्रयोगशाळेत घडवलेला, आत विंचवाच्या विषाचं जनुक बसवलेला. तो उघड्या शेतात सोडायची परवानगी मागायला ती दिल्लीला गेली होती आणि नकार घेऊन आली होती.

कुंपण ओलांडून ती कौसाबाईंच्या शेतात धावत सुटली. उन्हानं विषाणू मेला असेल, एवढीच आशा. पण ओळीओळींत विंचवाच्या विषानं लुळ्या पडलेल्या अळ्यांचा सडा होता.

"गुण आला बघा!" धापा टाकत मागून आलेल्या कौसाबाई म्हणाल्या. "साऱ्या वाडीला तांब्या तांब्या औषध वाटलं, मॅडम. तुमचं नाव सांगून."