कादंबरीत राहून गेलेलं

आई गेली तेव्हा संघमित्राला कॅनडाहून येता आलं नव्हतं. मग जे जमलं नाही, ते तिनं कादंबरीत घडवून आणलं. तिथली मुलगी वेळेवर पोहोचते, आईचा हात हातात घेते, चमच्यानं पाणी पाजते. ते प्रकरण वाचून लोक ढसाढसा रडले आणि पुस्तक गाजलं.

चार वर्षांनी ती नागपूरला, जरीपटक्याच्या घरी आली. आईचं शेवटपर्यंत सगळं करणारी मामेबहीण भारती आता बोल लावेल, मग लावेल, या धास्तीतच सुट्टी संपली. बॅगा फाटकाशी आल्या, टॅक्सी उभी राहिली, तेव्हा कुठे भारतीनं विषय काढला.

“पुस्तकात सारं खरं लिहिलं वं तू. तसंच झालं होतं.”

“काहीतरीच काय! मी आलीच कुठं होती?”

“आत्याले दिसत नव्हतं. सारखी तुलेच बोलावून राहिली होती. मंग मीच हात धरला अन् म्हटलं, आई, आली मी. चमच्यानं पाणी पाजलं. हसली वं ती.”

संघमित्रा भारतीच्या गळ्यात पडून रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

“एक गोष्ट तेवढी राहून गेली तुझ्या पुस्तकात,” भारती तिच्या कानाशी म्हणाली. “आत्यानं विचारलं, ‘आता तं परत नाही जाशीन ना?’”

बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.



“अन् तू म्हणाली, ‘नाही, आई.’”