बियरचा पाक

सिद्धेश्वरी कढईत बियर आणि गूळ आटवत होती. हा पाक तिला पहिल्या ऑर्डरच्या केकवर ओतायचा होता आणि पाच वाजता गिऱ्हाईक येणार होतं. तेवढ्यात सासरे महादेवप्पा आत आले आणि रिकामी बाटली बघून भडकले. "शिवपूजेच्या घरात दारू? लाज सोडली काय गं?" त्यांनी सांडशीनं कढई उचलली आणि मोरीकडं वळले. "थांबा!" सासू निंगव्वा मोरीच्या दारात उभी राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती नवऱ्याला आडवी आली. "बाटली तुमचीच हाय. धान्याच्या कोठीमागनं मी काढून दिली. अजून पाच हायत तितं. ओतायचं तर आधी त्या ओता, गल्लीला दिसू द्या." महादेवप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली. "कढई उचललीच हाय, तर केकवर ओता," निंगव्वा म्हणाली. थेंबही न सांडता त्यांनी पाक ओतला.