एक मिनिट एकतीस

तिने चिमट्याने एक धागा उचलला, काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडला आणि स्टॉपवॉच चालू केलं.

प्रयोगशाळेत केलेला दहा ग्रॅम धागा पाण्यात दीड मिनिटात विरघळून जाई. कारखान्याच्या टाकीत पन्नास किलो करायला घेतला, तर दोन्ही वेळा खळीचा गोळा निघाला. तिसऱ्यांदा तसंच झालं तर प्रकल्प बंद, असं मोठ्या साहेबांनी हसत हसत सांगून टाकलं होतं.

टाकीवरचे काका तेव्हा तिला ‘दहा ग्रॅम’ म्हणत. “चौघांचा स्वयंपाक वेगळा, चारशेंचा वेगळा, दहा ग्रॅम,” असं म्हणून आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवत.

मग तिला चूक सापडली. काका दर बॅचआधी टाकी पाण्याने धुऊन लखलखीत करत. तळाच्या व्हॉल्व्हमध्ये बादलीभर पाणी राही. पाण्यात विरघळायला केलेला धागा तयार होतानाच तिथे भिजून चिकटे. तिने हे सगळ्यांदेखत फळ्यावर आकृती काढून समजावलं. आज टाकी स्पिरिटने विसळली गेली, व्हॉल्व्ह खोलून कोरडा केला गेला. काकांनी तिने सांगितलेलं सगळं केलं. मात्र फळ्याच्या त्या दिवसापासून ती ‘मॅडम’ झाली होती, आणि डबा ते कॅन्टीनमध्ये खात.

ग्लासातला आजच्या बॅचचा धागा फुगला, काचेसारखा झाला. मग नुसत्या कडा उरल्या. मग त्याही गेल्या.

एक मिनिट एकतीस.

तिने वळून पाहिलं. जेवणाची घंटा होऊन गेली होती, शेडमध्ये कुणीच नव्हतं. तिने आईला फोन लावला. धागा दिसेनासा झाला, म्हणजे जमलं, असं दोनदा सांगितलं. आई म्हणाली, बरं झालं, पण जेवलीस का?

फोन ठेवून ती साहेबांना कळवायला आत गेली. साहेब जागेवर नव्हते. परत आली तेव्हा काका बेसिनपाशी उभे होते. टेबलावरचा ग्लास त्यांनी रिकामा केला होता, घासला होता, आणि आता उजेडाकडे धरून डाग राहिला का ते बघत होते.

तिला पाहून ते थबकले.

“मॅडम, त्यात काही नव्हतं ना?”

तिने स्टॉपवॉच मुठीत मिटलं.

“नाही काका. काहीच नव्हतं.”

त्यांनी ग्लास फडक्याने आतून कोरडा पुसला आणि तिच्यासमोर पालथा ठेवला.