एकोणीस

अठरा नावं कशीबशी निभावली. एकोणिसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. नाव ‘प’वरून होतं. आडनावही ‘प’वरूनच.

‘प’ तिचा जन्माचा वैरी. त्या अक्षराशी ओठ मिटले की मिटलेच, काही केल्या उघडायचे नाहीत. लहानपणापासून ती त्याला वळसा घालत आली होती. शेजारच्या काकूंकडे पाणी मागायचं झालं तर ‘तहान लागलीय’ म्हणायची. पेन हवं असलं तर ‘लिहायला काहीतरी द्या ना’. आजचा नमुना पाठही तिनं आठ दिवस खपून असाच बेतला होता. धान्यातले खडे वेचावेत तसा सगळ्या धड्यातला ‘प’ वेचून बाजूला काढला होता. पण हजेरीचं कुणी बोललंच नव्हतं. वर्गात शिरताना मुख्याध्यापकांनी तिच्या हातात एक चिठ्ठी सरकवली. ‘आधी हजेरी.’ बस, एवढंच. आणि पाण्याला तहान म्हणता येतं, माणसाच्या नावाला दुसरं काय म्हणणार?

मुख्याध्यापक आता शेवटच्या बाकावर बसले होते, शेजारी संस्थेचे सचिव. ती याच वर्गात विद्यार्थिनी होती तेव्हा मुख्याध्यापक गणित शिकवायचे. पोरं त्यांना टकटक सर म्हणत. अर्थात माघारी, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? बोलण्याआधी ते टेबलावर बोटानं टकटक करत. तीनदा. वर्ग चिडीचूप होई. त्या शांततेत प्रत्येकाचा जीव टांगणीला लागे आणि मग एक आकडा पडे. ‘सव्वीस!’ तीन वर्षं ती त्यांच्या लेखी सव्वीस होती. नाव त्यांनी कधी घेतलं नाही. तिचंच काय, कुणाचंच नाही. बोलणंही असं तुटक की जणू शब्द त्यांच्या पदरचे जातायत. ‘बस.’ ‘चूक.’ ‘पुन्हा.’ बाकीचं सगळं फळ्यावर. तिला अजूनही कधीकधी स्वप्नात ती टकटक ऐकू यायची आणि ती दचकून उठायची.

शहरात जाऊन ती पदवीधर झाली, बी.एड. झाली. तिथल्या तीन शाळांनी तिला गोड बोलून वाटेला लावलं. गेलं वर्ष एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलं. तिथं दिवसभर तोंड उघडावं लागत नव्हतं. आपल्या गावातली ही जागा म्हणजे शेवटची आशा. तिच्या आधी पाठ देऊन गेलेला उमेदवार तर नुसता धबधबा होता. ही जागा गेली की उद्याच्या गाडीनं पुन्हा गोदाम. आणि घरी आईनं टेबल खिडकीपाशी हलवूनही ठेवलं होतं, वह्या तपासायला उजेड हवा म्हणून.

ओठ मिटलेलेच होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी खुदकन हसली. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं आणि मग तीही हसली. सचिवांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. टक. टक. टक.

आता आकडा पडणार, सव्वीस, आणि आपण सगळ्यांसमोर उभ्या राहणार. पण आकडा पडला नाही. तोच तिला सुचला.

“एकोणीस,” ती म्हणाली.

कसा स्वच्छ निघाला! तिसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी दचकून उभी राहिली. “हजर,” ती पुटपुटली, एवढंसं तोंड करून.

“वीस.” विसाव्या नावात ‘प’ नव्हता, तरी तिनं आकडाच घेतला. सापडलेली पळवाट कोण सोडतो? पुढं पंचवीस येणार होता, पस्तीसही. पण ते नंतरचं नंतर. “एकवीस. बावीस.” पोरांचं हसू कुठल्या कुठे पळालं. वर्ग चिडीचूप झाला. जो तो आपला आकडा येण्याची वाट बघत मान खाली घालून बसला. ही शांतता तिच्या चांगल्याच ओळखीची होती.

शेवटचा बाक करकरला.

टकटक सर उठले होते. दोन रांगांमधून ते सावकाश पुढं येत होते. संपलं. भर वर्गात आपली नक्कल केली असंच वाटलं असणार त्यांना. आता दाराकडे बोट दाखवतील. ते टेबलापाशी आले, वाकले आणि हजेरीपटावर त्यांनी हात ठेवला. इतक्या जवळून तिनं त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर तटतटलेली. केवढा हा राग, तिला वाटलं. बोट टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. तीनदा.

“न... न... नाव घे, बाळ,” ते तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले. “वेळ लागू दे. मी थांबतो. उद्याही थांबेन. ए... एकतीस वर्षांत मला एकाही पोराचं नाव घेता आलं नाही.”