आरपार गेलेली गोळी

नरहर फौजदार दारात आला तेव्हा उमेरा डाव्या हातानं ब्लाउजचं कापड कापत होती. कात्री उजव्या हाताची, त्यामुळे मध्येच अडत होती. तिनं मानेनंच बाकाकडे खूण केली. नरहर बसला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पांढरकवड्याच्या बाजारात बाबुलाल डोकं फिरून कुऱ्हाड घेऊन लोकांवर धावला होता. नरहरनं पिस्तूल झाडलं. गोळी बाबुलालच्या बरगडीखालून आरपार गेली आणि मागे भाजी घेणाऱ्या उमेराच्या उजव्या खांद्यात रुतली. दोघंही वाचले. चौकशीत नरहरवर ठपका आला नाही. झोप मात्र गेली ती गेलीच.

आज त्याला यवतमाळला, पोलिसांच्या पिस्तुलांसाठी नवीन गोळी घ्यावी का, या बैठकीत मत द्यायचं होतं. त्यानं उमेराला सगळं समजावून सांगितलं. आताची गोळी भरीव, गोल टोकाची, वरून तांब्याचं कवच असलेली; ती अंगात थांबत नाही. नवीन येणार ती वजनाला थोडी हलकी, टोकाला खळगा असलेली. जोरात सुटते, अंगात शिरताच पसरते आणि तिथंच थांबते. मागच्या माणसाला लागत नाही. तुमचंच उदाहरण पुढे ठेवणार आहे, तो म्हणाला. बातमी चांगली होती, तरी सांगताना त्याचा आवाज ओढल्यासारखा येत होता.

उमेरानं कात्री खाली ठेवली.

"अन् बाबुलालच्या आंगात थांबली असती तं?"

नरहरनं डोळे चोळले. "तो वाचला नसता."

तिनं कापलेलं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, बाबुलालची माय दर शुक्रवारी त्याला घेऊन येते, दाराशी उभी राहते, माफी मागते आणि जाते. आता तो दवाखान्याची औषधं घेतो, शांत असतो. पण आपण त्यांना कधी आत बोलावलं नाही. त्याचं तोंड पाहावंसं वाटत नाही.

"रात्री खांदा ठणकते तवा शिव्याच येतात तोंडात. त्याले बी, तुमाले बी. पण साहेब, माह्या नावानं ते गोळी मांगू नका."

"मग कोणाच्या नावानं मागू?"

"त्याच्या मायले इचारा. ते पाहा, येऊनच राह्यली."

नरहरनं वळून पाहिलं. रस्त्यापलीकडून म्हातारी लेकाचा हात धरून येत होती. दारातून खाकी कपडे दिसताच ती जागीच थांबली. मग हळूच एक पाऊल पुढे सरकली आणि बाबुलालला तिनं आपल्या पाठीमागे घेतलं.