सावल्यांची तक्रार

व्हिडिओ गेममधल्या गावात नव्या सावल्या टाकून आठवडाही झाला नव्हता, तोच तिथल्या पात्रांनी शलाकाचं डोकं खायला सुरुवात केली. गेम इतकी वर्षं चालला होता की पात्रं आता आपल्या डोक्याने विचार करायची, आणि भांडायचीही. गुरव सावलीला घाबरून देवळाबाहेर पडेना. कुंभारणीने तर ती झाडून पाहिली.

"अहो, ऊन आहे म्हटल्यावर सावली पडणारच!" शलाका स्क्रीनसमोर करवादली. चित्रं तिची, म्हणून बोलणीही तिलाच.

मग भिवा लोहार पुढे आला. "बाई, सगळ्या गावाला सावली दिलीत. आमच्या कारभारणीलाच का नाही?"

"कुणालाही वगळलेलं नाही, भिवा! कुठे आहे ती?"

"ही काय, उंबऱ्यात बसलीय."

उंबरा रिकामा होता. शलाकाने वैतागूनच गेमच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. गेम हलका करायला लोहारणीला कधीच काढून टाकलं होतं. भिवाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"राहिली बघा माझ्याकडून," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसलेल्या बाईची सावली काढू लागली.

"जरा डावीकडे घ्या," भिवा म्हणाला. "ती चौकटीला टेकून बसते."